विश्लेषण : एकही कसोटी न खेळलेले प्रा. दि. ब. देवधर भारतीय क्रिकेटचे पितामह कसे ठरले?

रणजी करंडकावर महाराष्ट्राच्या संघाचे नाव आजवर दोनदाच कोरले गेले आहे. पहिल्यांदा १९३९-४० मध्ये आणि दुसऱ्यांदा लगेच पुढच्या हंगामात. दोन्ही वेळा संघाचा कर्णधार होता पन्नाशीकडे झुकलेला, पुण्यातील महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा एक प्राध्यापक. त्यांचे नाव दिनकर बळवंत देवधर. भारताकडून ते एकही अधिकृत कसोटी सामना खेळले नाहीत. तरीही एका राष्ट्रीय स्पर्धेला त्यांचे नाव दिले गेले, त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले आणि क्रिकेटमहर्षी ही उपाधी मराठी वाचकांनी त्यांच्या नावाला कायमची जोडली. कसोटीची टोपी न मिळालेल्या खेळाडूला हे स्थान कसे मिळाले, याचा हा आढावा.

कोण होते प्रा. देवधर?

देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. १९११-१२ च्या हंगामात, विशीही ओलांडली नसताना, ते प्रथम श्रेणी क्रिकेट खेळू लागले आणि दुसरे महायुद्ध संपल्यानंतरही मैदानात दिसत होते. दोन्ही महायुद्धांच्या आधी आणि नंतर प्रथम श्रेणी सामने खेळलेले क्रिकेटपटू जगात मोजकेच आहेत. त्यांत देवधर यांची गणना होते.

त्यांच्या नावावर ८१ प्रथम श्रेणी सामने, साडेचार हजारांहून अधिक धावा आणि नऊ शतके आहेत. सरासरी ३९ च्या पुढे. आजच्या वाचकाला ८१ हा आकडा किरकोळ वाटेल, कारण हल्लीचा रणजीपटू काही वर्षांतच तिथवर पोहोचतो. पण साडेतीन दशकांत ८१ सामने म्हणजे वर्षाला सरासरी दोन-तीनच. त्या काळी भारतात क्रिकेटची स्पर्धाच इतकी कमी होती. रणजी करंडक सुरू झाला १९३४-३५ मध्ये, तेव्हा देवधर ४२ वर्षांचे होते. बहुतेक फलंदाज ज्या वयात निवृत्त होतात, त्या वयात त्यांच्यासाठी राष्ट्रीय स्पर्धेचे दार उघडले.

त्याआधी खेळायचे कुठे?

मुंबईतील धर्मवार संघांच्या स्पर्धेत. युरोपीय, पारशी आणि हिंदू अशा तिरंगी सामन्यांत १९१२ पासून मुस्लीम संघही आला आणि स्पर्धा चौरंगी झाली. १९३७ मध्ये ती पंचरंगी झाली. हे सामने पाहायला मुंबईत तोबा गर्दी होई. देवधर हिंदू संघाकडून खेळत. याच संघात पुण्यात क्रिकेट शिकलेले पाळवणकर बंधू होते. त्यांतले बाळू पाळवणकर यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून अधिक बळी घेतले होते. पण जातीमुळे या बंधूंना कर्णधारपदासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल पाळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. देवधर यांची उमेदीची वर्षे अशा संघात गेली, जिथे मैदानावरचा खेळ आणि मैदानाबाहेरचा समाज वेगळे काढता येत नव्हते.

संस्कृतचे प्राध्यापक आणि क्रिकेट यांचा मेळ कसा बसला?

अमेरिकेत महाविद्यालयाच्या बेसबॉल किंवा बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक हे पूर्णवेळ पगारी पद असते. विद्यार्थ्यांना घडवणारे असे प्रशिक्षक तिथे नामांकित खेळाडूंइतकेच ओळखले जातात. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशी सोय नव्हती. खेळून पोट भरायचे तर दोनच वाटा होत्या : एखाद्या संस्थानिकाच्या पदरी नोकरी धरायची, किंवा शिक्षक, कारकून अशी नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात खेळायचे.

देवधर यांनी दुसरी वाट धरली. पुण्यात शिक्षण प्रसारक मंडळीने १९१६ मध्ये न्यू पूना कॉलेज सुरू केले. पुढे हेच महाविद्यालय सर परशुरामभाऊ महाविद्यालय, म्हणजे आजचे एस. पी. कॉलेज म्हणून नावारूपाला आले. तिथे देवधर संस्कृत शिकवत. क्रिकेटच्या वर्तुळातही त्यांना नावाने कमी आणि प्राध्यापक म्हणून जास्त ओळखले जाई.

या नोकरीने त्यांना आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे स्वातंत्र्य. संस्थानिकाच्या संघात कोण खेळेल, कितव्या क्रमांकावर खेळेल आणि कर्णधार कोण असेल, हे बरेचदा दरबारात ठरे. देवधर यांचा पगार कोणा राजाच्या मर्जीवर अवलंबून नव्हता. शिवाय तरुण मुलांबरोबर रोजचा वावर होता. कर्णधार म्हणून त्यांनी पुढे जे केले, त्यामागे शिकवण्याची ही सवय दिसते.

१९२६ ची खेळी इतकी महत्त्वाची का?

१९२६-२७ च्या हंगामात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली मेरिलबोन क्रिकेट क्लबचा, म्हणजे एमसीसीचा संघ भारतात आला. मॉरिस टेट, जॉर्ज गिअरी, अँडी सँडहॅम, बॉब वायट असे कसलेले खेळाडू त्यात होते. डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाकडून सी. के. नायडू यांनी ११ षटकारांसह १५३ धावा फटकावल्या. ती खेळी आजही सांगितली जाते.

त्याच महिन्यात, त्याच मैदानावर अखिल भारतीय संघ एमसीसीविरुद्ध उतरला, तेव्हा देवधर यांनी १४८ धावा केल्या. ही खेळी कमी बोलली जाते, पण तिचे मोल वेगळे आहे. नायडूंचे शतक हिंदू संघासाठी होते. देवधर यांचे शतक सर्व समाजांतील खेळाडू एकत्र आलेल्या, भारताच्या नावाने खेळणाऱ्या संघासाठी होते. इंग्लंडच्या नाणावलेल्या गोलंदाजांसमोर हा संघ टिकू शकतो, हे त्या डिसेंबरात दिसले. दौऱ्यानंतर भारतात एक मध्यवर्ती क्रिकेट संस्था हवी, या विचाराने जोर धरला आणि १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले. भारताच्या कसोटी प्रवेशाची वाट त्यातून मोकळी झाली. मात्र ती मोकळी होईपर्यंत देवधर चाळिशीला आले होते.

मग कसोटी का खेळता आली नाही?

भारताचा पहिला अधिकृत कसोटी सामना २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर सुरू झाला. त्या इंग्लंड दौऱ्यासाठी संघ निवडला गेला तेव्हा देवधर ४० वर्षांचे होते. त्यांचे वय आडवे आले आणि संघात स्थान मिळाले नाही.

चाळिशी म्हणजे त्या काळी खरोखरच फार वय होते का? इंग्लंडकडे पाहिले तर तसे वाटत नाही. जॅक हॉब्ज यांनी शेवटची कसोटी १९३० मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी खेळली. विल्फ्रेड ऱ्होड्स तर त्याच वर्षी ५२ व्या वर्षी कसोटी खेळले. भारताचे नेतृत्व करणारे नायडू स्वतः ३६ वर्षांचे होते. देवधर त्यांच्यापेक्षा पावणेचार वर्षांनी मोठे.

पुढच्याच वर्षी इंग्लंडचा संघ भारतात आला. १५ डिसेंबर १९३३ रोजी भारतातला पहिला कसोटी सामना सुरू झाला तो मुंबईच्या जिमखाना मैदानावर, म्हणजे जिथे देवधर यांनी सात वर्षांपूर्वी १४८ धावा केल्या होत्या तिथेच. लाला अमरनाथ यांनी त्या सामन्यात शतक झळकावले. देवधर संघात नव्हते.

कालगणना पाहिली तर त्यांचे दुर्दैव आणखी स्पष्ट होते. १९३२ ते १९४६ या १५ वर्षांत भारताने अवघ्या १० कसोटी खेळल्या : १९३२ मध्ये एक, १९३३-३४ मध्ये तीन, १९३६ मध्ये तीन आणि महायुद्धानंतर १९४६ मध्ये तीन. नायडूंसारखा खेळाडूही सातच कसोटी खेळू शकला. देवधर दहा वर्षे उशिरा जन्मले असते, तर पहिल्या भारतीय संघातून त्यांना वगळणे अवघड होते. पण देवधर यांची गोष्ट इथे संपली नाही. त्यांचे सर्वांत मोठे काम या नकारानंतरचे आहे.

महाराष्ट्राचा संघ त्यांनी कसा उभा केला?

रणजी करंडकाच्या सुरुवातीच्या वर्षांत दोन प्रकारचे संघ बलवान होते. एक मुंबई. तिथे जिमखाने, मैदाने, क्लब आणि प्रेक्षक सगळेच होते. पहिले दोन करंडक मुंबईनेच जिंकले. दुसरे संस्थानांचे संघ. नवानगरने १९३६-३७ मध्ये करंडक जिंकला, त्यामागे जामसाहेबांचे पाठबळ होते.

महाराष्ट्राच्या संघाकडे यांतले काहीच नव्हते. पुणे आणि आसपासच्या भागांतील महाविद्यालये, जिमखाने आणि छोट्या संस्थानांतून आलेली तरुण मुले, एवढेच भांडवल. त्यांचे नेतृत्व देवधर यांच्याकडे आले. खेळाडूंपैकी अनेक जण वयाने त्यांच्या विद्यार्थ्यांएवढे होते.

त्यांतले सर्वांत मोठे नाव विजय हजारे. सांगलीचा हा अबोल तरुण जतच्या संस्थानिकांच्या आश्रयाने पुढे आला होता. १९३९-४० मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातील ते पहिले त्रिशतक. त्या डावात त्यांनी नगरवाला यांच्यासह नवव्या गड्यासाठी २४५ धावा जोडल्या. नगरवाला ९८ वर बाद झाले. त्या हंगामाच्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राने पुण्यात संयुक्त प्रांताला हरवले आणि करंडक पहिल्यांदा मुंबईबाहेरच्या मराठी मुलखात आला.

पुढच्या वर्षी रंगा सोहोनी यांनी धावांचा रतीब घातला. एका रणजी हंगामात ६०० हून अधिक धावा करणारे ते पहिले फलंदाज ठरले. यावेळी अंतिम सामना मद्रासमध्ये होता आणि प्रतिस्पर्धी मद्रासच. महाराष्ट्राने त्यांच्या घरात जिंकून करंडक राखला.

त्यांची रणनीती काय होती?

त्या काळी रणजी करंडक बाद पद्धतीने खेळला जाई. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जाई. याचा अर्थ साधा होता. पहिल्या डावात इतक्या धावा करायच्या, की प्रतिस्पर्ध्याला त्या ओलांडताच येऊ नयेत. झटपट चाळीस-पन्नास धावांपेक्षा दिवसभर टिकणारी खेळी मोलाची. फलंदाजांनी विकेट फेकायची नाही, तळाच्या खेळाडूंनीही उभे राहायचे.

देवधर यांच्या संघाचे आकडे तेच सांगतात. बडोद्याविरुद्ध ९ बाद ६५०. पुढच्या हंगामात मुंबईविरुद्ध ६७५ आणि उत्तर भारत संघाविरुद्ध ७९८. मुंबईविरुद्धच्या सामन्यात मुंबईनेही उत्तरादाखल ६५० पर्यंत मजल मारली. म्हणजे दोन डावांत मिळून १,३२५ धावा, आणि निकाल ठरला तो २५ धावांच्या आघाडीवर. त्या सामन्यात देवधर यांनी स्वतः २४६ धावा केल्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या कर्णधाराची ती कारकीर्दीतली सर्वोच्च खेळी ठरली. हाती घेतलेले काम शेवटपर्यंत न्यायचे, हा धडा खेळाडूंना देण्यासाठी वेगळ्या तासाची गरज उरली नव्हती.

आजच्या टी-ट्वेंटीच्या जमान्यात हे क्रिकेट कंटाळवाणे वाटू शकते आणि तेव्हाही त्यावर टीका होतच असे. पण साधनसंपन्न संघांशी लढताना संयम हेच शस्त्र होते. नियमांनी दिलेल्या चौकटीत बसणारी ती विचारपूर्वक आखलेली खेळी होती.

पन्नाशीनंतर काय?

बहुतेकांनी थांबावे अशा वयात देवधर यांनी आणखी एक विक्रमी कामगिरी केली. १९४४ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, नवानगरविरुद्धच्या रणजी सामन्यात त्यांनी दोन्ही डावांत शतके केली : १०५ आणि १४१. वय झाले म्हणून नाकारल्याला तोवर १२ वर्षे उलटली होती.

विजेतेपदे पुढे का टिकली नाहीत?

याचे उत्तर पुन्हा पैशाशी आणि नोकऱ्यांशी जोडलेले आहे. दुसऱ्या विजेतेपदानंतर हजारे बडोदा संस्थानच्या सेवेत गेले आणि १९४१-४२ पासून बडोद्याकडून खेळू लागले. १९४२-४३ चा करंडक बडोद्याने जिंकला. महाराष्ट्राकडून काही काळ खेळलेले चंदू सरवटे पुढे होळकर संघात गेले. होळकरने १९४५-४६ मध्ये करंडक पटकावला. महाराष्ट्राच्या संघटनेकडे गुणवत्ता होती, पण ती टिकवून ठेवायला पगाराची नोकरी देणारा दरबार नव्हता. खेळाडू गेले, यात त्यांचा दोष नव्हता. घर चालवायचे तर तसे करणे भाग होते.

पण या पिढीचे फळ भारताला मिळाले. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघात हजारे, सोहोनी, सरवटे आणि लेगस्पिनर सदू शिंदे असे महाराष्ट्राकडून खेळून पुढे आलेले चौघे होते. मँचेस्टर कसोटीत शेवटची जोडी म्हणून सोहोनी आणि हिंदळेकर अखेरची काही मिनिटे टिकून राहिले आणि भारताने सामना वाचवला. हजारे पुढे भारताचे कर्णधार झाले आणि १९५२ मध्ये भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. देवधर स्वतः ज्या संघात पोहोचू शकले नाहीत, तिथे त्यांचे सहकारी पोहोचले.

महाराष्ट्राच्या संघाला मात्र रणजी करंडकाने नंतर हुलकावणीच दिली. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये संघ अंतिम फेरीत हरला.

मैदानाबाहेर त्यांचे योगदान काय?

देवधर यांनी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे उपाध्यक्ष, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष आणि राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य म्हणून काम केले. निवडीत डावलला गेलेला माणूस पुढे इतरांची निवड करणाऱ्यांत बसला. क्रिकेटवर त्यांनी लेखनही केले आणि आत्मचरित्र लिहिले.

त्यांच्या घरातला खेळ क्रिकेटपुरता नव्हता. सुमन, तारा आणि सुंदर या त्यांच्या कन्यांनी १९४० च्या दशकात राष्ट्रीय बॅडमिंटन गाजवले. मुलींनी स्पर्धांसाठी गावोगाव फिरावे ही कल्पनाच अनेक घरांत मान्य नसताना एका घरातल्या तीन बहिणी देशपातळीवर चमकल्या.

देवधर करंडक म्हणजे काय?

१९७३-७४ मध्ये क्रिकेट मंडळाने विभागीय संघांसाठी मर्यादित षटकांची स्पर्धा सुरू केली आणि तिला देवधर यांचे नाव दिले. दक्षिण, पश्चिम, उत्तर, मध्य आणि पूर्व असे विभाग त्यात खेळत. दिवसदिवस खेळपट्टीवर उभे राहणाऱ्या फलंदाजाचे नाव एका दिवसात निकाल लावणाऱ्या क्रिकेटला मिळाले, ही गंमत आहे. पण त्यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. एकदिवसीय क्रिकेट भारतात नवे होते आणि नव्या स्पर्धेला वजन यावे म्हणून जुन्या पिढीतले आदराचे नाव घेतले गेले. तेव्हा देवधर ८२ वर्षांचे होत होते. स्वतःच्या नावाची स्पर्धा त्यांना पुढे जवळपास २० वर्षे पाहता आली. ही स्पर्धा २०१९ पर्यंत वेगवेगळ्या स्वरूपांत झाली आणि खंडानंतर २०२३ मध्ये पुन्हा खेळवली गेली.

१९६५ मध्ये त्यांना पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मभूषण मिळाले. १४ जानेवारी १९९२ रोजी त्यांनी शंभरी गाठली. २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यात, वयाच्या १०१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९९६ मध्ये टपाल खात्याने चार क्रिकेटपटूंवर तिकिटे काढली. सी. के. नायडू, विजय मर्चंट, विनू मंकड आणि देवधर. चौघांत कसोटी न खेळलेले ते एकटेच.

मीरा-भाईंदरच्या खेळाडूचा याच्याशी काय संबंध?

महाराष्ट्र राज्यातून रणजी करंडकात तीन संघ उतरतात : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. ठाणे आणि पालघर जिल्हे मुंबई क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतात. म्हणून पालघरचा शार्दुल ठाकूर मुंबईकडून खेळला आणि मीरा रोड किंवा भाईंदरहून किटबॅग घेऊन पश्चिम रेल्वेची लोकल पकडणारी मुले आझाद मैदान, क्रॉस मैदान गाठतात. देवधर यांचा महाराष्ट्र संघ म्हणजे पुण्याला केंद्र मानणारा, मुंबई आणि विदर्भ वगळून उरलेल्या भागाचा. मुंबईची मैदाने आणि मुंबईचे क्लब हाताशी नसताना त्या संघाने मुंबईला टक्कर दिली.

आज राज्य संघापर्यंत पोहोचलेल्या खेळाडूला सामन्याचे मानधन मिळते, आयपीएलचे दार खुले असते. पण तिथवर पोहोचण्याआधीची वाट अजूनही शाळा-महाविद्यालयांतूनच जाते आणि तिथे शिकवण्याबरोबर संघ सांभाळणाऱ्या शिक्षकांवरच ती अवलंबून आहे. १९, २३ अशा वयोगटांच्या निवडीत नाव आले नाही की मुले खेळ सोडतात, पालकही धीर सोडतात. चाळिशीत नाकारला गेलेला प्राध्यापक त्यानंतर दोन करंडक जिंकतो, २४६ धावांची खेळी करतो आणि ५२ व्या वर्षी एका सामन्यात दोन शतके झळकावतो, हे अशा घरांत एकदा तरी सांगायला हवे.